टोपातले मांस आणि टोपाभोवतीची माणसे

वसईच्या किनारपट्टीवरील ज्या धर्मग्रामात आम्ही सध्या सेवा करतो, तेथे गेल्या महिन्यात कुटुंबदिनाच्या तयारीसाठी धर्मग्राम परिषदेची बैठक भरली होती. मिस्सा किती वाजता, प्रवचन कोणाचे, मुलांच्या स्पर्धा कोठे, हे सारे विषय वीस मिनिटांत निकालात निघाले. मग भोजनाचा विषय आला आणि पुढचा दीड तास त्यातच गेला. जेवणात बीफ असावे की नसावे, हा वाद होता. एका बाजूच्या सभासदांचे म्हणणे असे की, ते असलेच पाहिजे. नाहीतर आपण ख्रिस्ती ते कसले? दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की, दिवस बरे नाहीत, उगाच कोणाच्या डोळ्यांवर यायला नको. आणि ठेवायचेच असेल, तर त्याला नुसते 'मटण' म्हणावे. आवाज चढले, टेबलावर हात आपटले गेले. अखेर 'केटररला विचारू, तो म्हणेल तसे करू' असे ठरून बैठक आटोपली.

चहाचे कप गोळा करणाऱ्या एका वृद्ध भगिनी तेवढ्यात आम्हाला म्हणाल्या, "फादर, भांडण झालं ते झालं. पण आता घरी रोस्ट करतं कोण? माझ्या सुनेनं केलेला मी पाहिला नाही, आणि माझ्या मुलानंही तो कसा करतात ते कधी विचारलं नाही." जाता जाता हे शब्द ज्यांच्या कानी पडले, त्यांच्यापैकी कोणीही काही बोलले नाही. आम्हीही बोललो नाही. दीड तास ज्या पदार्थासाठी आम्ही भांडलो, तो त्या खोलीतल्या बहुतेकांच्या घरी कित्येक वर्षांत शिजलेला नव्हता. म्हणून हा लेखनप्रपंच. यात आम्ही तीन प्रकारच्या लोकांशी भांडणार आहोत, आणि तिसऱ्या प्रकारात आमचाही समावेश आहे हे आधीच कबूल करतो.

ज्या वस्तूवरून आपण भांडतो ती निदान ओळखीची असावी, म्हणून तो पदार्थ मुळात कसा होत असे ते आधी सांगतो. त्याला आपण 'रोस्ट' म्हणतो, पण तो भट्टीत भाजलेला नसतो. गोव्यातील 'आसाद' हे त्याचे सख्खे भावंड. आमच्या आजीकडे तो होई तो पास्काच्या सणाला, नाताळला आणि घरी पाहुणे जेवायला असले की एखाद्या रविवारी. आदल्या दिवशी रानाचा, म्हणजे मागच्या मांडीचा, दीड-दोन किलोंचा अख्खा तुकडा येई. तो धुऊन, पुसून, काट्याने सर्व बाजूंनी टोचायचा. आले, लसूण, मीठ, हळद आणि भरडलेली मिरी ताडीच्या शिरक्यात वाटून ते वाटण त्याला चोळायचे, सुती दोऱ्याने तुकडा आवळून बांधायचा आणि रात्रभर झाकून ठेवायचा. दुसऱ्या दिवशी पहिल्या मिस्सेहून आल्यावर चूल पेटे. जाड बुडाच्या टोपात तेल तापवून तुकडा सगळ्या बाजूंनी तांबूस होईपर्यंत परतायचा. मग कांदा, सुक्या मिरच्या, दालचिनी, लवंगा, मुरलेल्या वाटणाचे उरलेले पाणी आणि पेलाभर गरम पाणी. झाकण ठेवले की आजी चुलीतली लाकडे बाहेर ओढून घेई आणि झाकणावर पाणी ओतून ठेवी. त्यानंतर तीन तास तिचे एकच काम असे, येताजाता टोपाकडे कान देणे. आतला आवाज 'खदखद' झाला की एक लाकूड आणखी बाहेर. शेवटच्या अर्ध्या तासात सोललेले बटाटे त्या रसात पडत. मांस जरा निवल्यावर दोरा सोडून, धाग्यांच्या आडवे, पातळ काप केले जात.

यात शास्त्रही आहे. जनावराच्या ज्या अवयवाने आयुष्यभर कष्ट केलेले असतात, तेथील मांस चिवट असते, कारण स्नायूंना बांधून ठेवणाऱ्या ऊतींत कोलॅजेन नावाचे प्रथिन पुष्कळ असते. मोठ्या आचेवर ते आकसते आणि मांस वातड होते. तेच ओलसर, मंद उष्णतेत, उकळी फुटू न देता तासन्‌तास ठेवले, तर त्या कोलॅजेनचे जिलेटिन होते. मांस मऊ पडते आणि रस बोटांना चिकटण्याइतका दाट होतो. झाकणावरच्या पाण्यामुळे झाकण थंड राहते, आतली वाफ त्याला लागून पुन्हा थेंबाथेंबाने टोपात पडते आणि टोप कोरडा पडत नाही. आजीला कोलॅजेन हा शब्द ठाऊक नव्हता. 'घाई केलीस तर चप्पल खाशील' एवढेच ती म्हणे.

आता महत्त्वाची गोष्ट. हा टोप उतरून जेवायला बसलो की आमचे आजोबा त्यातले काहीही घेत नसत. केळीच्या बागेला पाणी द्यायला आमच्याकडे विहिरीवर रहाट होता आणि त्याला बैल जुंपलेले असत. ज्याच्या कष्टावर आपण जेवलो त्याच्या जातीचे मांस आपल्याच्याने खाववणार नाही, असे ते म्हणत. ते रोज रात्री रोझरी म्हणत, रविवारची मिस्सा त्यांनी कधी चुकवली नाही. त्यांच्यासाठी आजी वेगळी मासळी करी. त्यांनी आजीला कधी 'हे शिजवू नकोस' म्हटले नाही आणि आजीने त्यांना कधी 'तुम्ही कसले ख्रिस्ती' म्हटले नाही. ते मासळी खात, बाकीचे रोस्ट खात, पण त्यांनी क्रूसाची खूण केल्याशिवाय कोणी घासाला हात लावत नसे. आम्हाला पुढे सेमिनरीत ईशज्ञानाचे पुष्कळ ग्रंथ वाचावे लागले. पण ख्रिस्ती माणसाने अन्नाकडे कसे पाहावे याचा धडा त्या पाटावरच झाला होता.

तर पहिल्या बाजूकडे वळू. बीफ नसेल तर आपण ख्रिस्ती कसले, असे म्हणणाऱ्यांना आमचा प्रश्न आहे: हे तुम्हाला कोणी शिकवले? प्रभू येशूने नव्हे. बाहेरून आत जाणारे काहीही माणसाला विटाळवीत नाही, असे त्याने सांगितले. आत गेल्याने माणूस पवित्र होतो असे सांगितले नाही. संत पौलानेही नव्हे. करिंथच्या मंडळीत मूर्तींना वाहिलेल्या मांसावरून असाच वाद होता. ज्ञानाचा तोरा मिरवणारे काहीजण, आम्हाला सर्व चालते, म्हणून चारचौघांत ते मांस खात होते. पौलाने त्यांचे तत्त्व मान्य केले आणि त्यांचे वागणे धिक्कारले. माझ्या खाण्याने माझ्या भावाला ठेच लागत असेल, तर मी कधीही मांस खाणार नाही, या अर्थाचे त्याचे शब्द पहिल्या करिंथकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात आहेत. ते त्यांनी घरी जाऊन वाचावेत.

शिवाय ज्याचा झेंडा करून आपण नाचवतो ते काय आहे, हे तरी पाहावे. महाराष्ट्रात गायीच्या हत्येवर १९७६ च्या प्राणिरक्षण कायद्याने बंदी आहे. १९९५ साली विधिमंडळाने संमत केलेल्या दुरुस्तीला २०१५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि बैल व वळू यांचाही त्या बंदीत समावेश झाला. म्हैस आणि रेडा त्या बंदीबाहेर आहेत. म्हणजे आज आपल्या टोपात रीतसर जे शिजते ते म्हशीचे मांस होय. ज्याला तुम्ही धर्माची ओळख म्हणता, त्यातले जनावर कायद्याने बदलले आणि तुमच्या ओळखीला त्याचा पत्ताही लागला नाही! जी ओळख खाटकाच्या दुकानी बदलू शकते, तिला बाप्तिस्म्याच्या शेजारी बसवू नका.

आणखी एक कटू आठवण द्यावीशी वाटते. अन्नावरून श्रद्धा तपासण्याचा उद्योग एके काळी आपल्याच धर्मसभेने केलेला आहे. गोव्यात १५६० साली स्थापन झालेले इन्क्विझिशनचे न्यायासन मधला थोडा खंड सोडला तर १८१२ पर्यंत चालले. त्याच्या १७३६ च्या फर्मानात नवख्रिस्ती घरांतील ज्या चालीरीतींवर बंदी घातली होती, त्यांत मिठाशिवाय भात शिजवू नये हीही एक होती. कारण भात आधी अळणी शिजवून मीठ मागाहून घेणे ही हिंदूंची रीत मानली जाई. भातात मीठ केव्हा पडले यावरून माणसाचा देव ठरत होता. वसईही १७३९ पर्यंत पोर्तुगीजांच्या अंमलाखाली होती, तेव्हा ती सावली आपल्या वाडवडिलांवरही पडलेली आहे. दुसऱ्याच्या टोपाचे झाकण उचलून त्याचा धर्म पाहण्याचे पाप काय असते, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक असावे? आणि तरी आपण आपलाच टोप चौकात नेऊन, 'पाहा आमचा धर्म', असे ओरडतो!

इतके वाचून दुसऱ्या बाजूचे लोक मान डोलावतील. त्यांनी डोलावू नये. आता त्यांची पाळी आहे.

'मटण' म्हणा, 'मोठ्याचे' म्हणा, म्हणजे वाद नको, असे म्हणणाऱ्यांच्या मनात भय आहे आणि ते भय काल्पनिक आहे असे आम्ही म्हणणार नाही. २०१५ च्या सप्टेंबरात उत्तर प्रदेशात दादरीजवळच्या बिसाहडा गावी मोहम्मद अखलाक यांच्या घरी गोमांस असल्याच्या संशयावरून जमाव शिरला आणि त्यांना ठार मारण्यात आले. घराच्या टोपावरचे झाकण असेही उचलले जाते. त्यामुळे एखाद्या मातेने आपल्या मुलाचा डबा भरताना दोनदा विचार केला, तर तिच्यावर दगड उचलण्याचा अधिकार आम्हाला नाही.

पण विचार करणे वेगळे आणि मुलाला खोटे बोलायला शिकवणे वेगळे. आमच्या माहितीतल्या एका घरी मुलाला असे पढवलेले आहे की, शाळेत कोणी विचारले तर 'आम्ही तसले काही खात नाही' असे सांगायचे. 'तसले' हा शब्द ऐकून आम्हाला वाईट वाटले. म्हशीचे मांस विकत घेणे, शिजवणे, खाणे हा या राज्यात गुन्हा नाही. इतकेच नव्हे, तर ६ मे २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बैल-वळूंच्या हत्येवरील बंदी कायम ठेवली, पण परराज्यातून आणलेले तसे मांस जवळ बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम रद्द केले. माणसाच्या खासगी जीवनात शासनाने असा शिरकाव करू नये, हा त्यामागचा एक आधार होता. न्यायालयाने जे झाकण शासनाला उचलू दिले नाही, त्याखाली आपणच तोंड लपवून का बसावे?

येथेही संत पौलच साक्षीला येतो. गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात अंत्युखियातील एक प्रसंग आहे. संत पेत्र तेथे परराष्ट्रीय बांधवांच्या पंक्तीला बसून जेवत असे. यरुशलेमहून काही मंडळी आली आणि त्यांच्या भयाने तो हळूहळू मागे सरू लागला, वेगळा बसू लागला. त्याचे पाहून इतर यहूदी बांधवांनीही तसेच केले, फार काय, बर्णबादेखील वाहवला. तेव्हा पौलाने पेत्राला सर्वांसमक्ष तोंडावर जाब विचारला. मंडळीच्या आधारस्तंभाला! पेत्राने कोणते अन्न सोडले याच्याशी पौलाला कर्तव्य नव्हते. पंक्तीत ज्यांना एकटे टाकून तो उठला, त्या माणसांसाठी पौल भांडला.

आपण 'तसले काही खात नाही' म्हणून उठतो, तेव्हा पंक्तीत कोण मागे राहते? ज्याच्या दुकानी आपल्या तीन पिढ्यांनी सणाचे मांस घेतले, तो मुसलमान खाटीक मागे राहतो. ज्यांच्या पूर्वजांना गावाने मेलेल्या जनावराचे मांस खायला लावले आणि ते खाल्ले म्हणून गावाबाहेर ठेवले, ते दलित बांधव मागे राहतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या अस्पृश्यतेच्या उगमावरील ग्रंथात गोमांसभक्षण आणि अस्पृश्यता यांचा संबंध मांडलेला आहे. शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या २०१५ च्या पुस्तकात मराठवाड्यातील महार-मांगांच्या घरचे अन्न त्यांच्या नावानिशी, लाज न बाळगता नोंदवलेले आहे. मराठीत असे पुस्तक यावयास एकविसावे शतक उजाडावे लागले, यावरूनच ताटाभोवतीच्या मौनाची कल्पना यावी. आपण ख्रिस्ती माणसांनी त्या मौनात आपलेही मौन मिसळायचे काय? आपली कातडी वाचावी म्हणून 'ते खातात, आम्ही नाही' असे सुचवणे हे पेत्राच्या अंत्युखियातील वागण्याहून फार वेगळे नाही.

कोणी म्हणेल, फादर एका तोंडाने म्हणतात, भावासाठी मांस सोडा, आणि दुसऱ्या तोंडाने म्हणतात, भयाने सोडू नका. होय, आम्ही दोन्ही म्हणतो, कारण पौलाने दोन्ही म्हटले आहे. शेजारच्या शाकाहारी कुटुंबाला घरी जेवायला बोलावले आणि त्या दिवशी टोप चुलीवर चढवला नाही, तर ते प्रेम होय. त्याने एका पंगतीत दोन घरे बसली. शेजारी काय म्हणतील म्हणून खिडक्या बंद करून शिजवले आणि विचारल्यावर खोटे सांगितले, तर ते भय होय. त्याने घरातल्या मुलाला पहिल्यांदा हे कळले की आपल्या आईच्या हातचे अन्न लपवण्यासारखे आहे. दोन्हीकडे सोडलेले मांस तेच आहे. पंगत वाढली की मोडली, एवढे पाहिले की फरक कळतो.

आता तिसरी बाजू, म्हणजे आपण सगळे.

त्या वृद्ध भगिनीच्या प्रश्नाला आमच्याजवळ अजून उत्तर नाही. आपल्या घरांत रविवारचे जेवण उरले आहे काय? सकाळी मुलगा क्लासला, वडील मोटारसायकल घेऊन कोणत्या तरी सभेला, मुलगी मोबाइलसमोर; दुपारी डबा घरपोच येतो, ज्याला जेव्हा भूक लागेल तेव्हा तो उघडून खातो, आणि एकाच छपराखाली चार माणसे चार वेळा जेवतात. करिंथच्या मंडळीला पौलाने याच कारणासाठी झोडपले होते. प्रभुभोजनासाठी जमून जो तो आपलेच जेवण आधी उरकतो. एक उपाशी राहतो, दुसरा झिंगतो. यावर त्याने सांगितलेला उपाय अगदी साधा होता: जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा.

हे थांबणे तो टोप आपल्याला शिकवीत होता. तीन तास तो चुलीवर आहे म्हटल्यावर घर आपोआप त्याच्या भोवती राही. वासाने मुले दूर जात नसत. आजोबा ओट्यावर बसून बटाटे सोलत. कोणा काकाचे आणि वडिलांचे बांधावरून बोलणे बंद असले, तरी टोप उतरेपर्यंत दोघांनाही तिथेच बसावे लागे, आणि तीन तास एका ओट्यावर बसून न बोलणे अवघड असते. आमच्या घरचा एक जुना तंटा असाच मिटलेला आम्ही पाहिला आहे. कुटुंबजीवनावरील आमची प्रवचने ऐकून एखादा तंटा मिटल्याचे मात्र आम्हाला आठवत नाही.

येथे आमच्या भगिनी रागावतील, आणि त्यांचा राग रास्त आहे. त्या म्हणतील, 'फादर, चुलीपाशी तीन तास कोण होतं? आजी होती. तुम्ही सगळे वासावर बसला होता.' खरे आहे. आम्ही ब्रह्मचारी, पालकगृहात आमच्यापुढे ताट आयते येते. जुन्या चवीचे गोडवे गाणे आम्हाला स्वस्तात पडते. आजी सणाच्या दिवशी सर्वांच्या शेवटी जेवे आणि तिच्या वाट्याला बहुधा रस आणि दोन बटाटे येत, हेही आम्ही पाहिलेले आहे. ते दिवस तसेच्या तसे परत आणा, असे म्हणणारा धर्मगुरू बायकांचा शत्रू ठरेल. नोकरी करून, लोकलमधून उभ्याने प्रवास करून घरी येणाऱ्या स्त्रीला 'तुझ्यामुळे संस्कृती बुडाली' म्हणणारे पुरुष आमच्या परिषदेतही आहेत. त्यांना आमचे एकच सांगणे आहे: उत्पत्तीच्या अठराव्या अध्यायातील अब्राहाम पाहा. तीन अनोळखी पाहुणे दारी आले, तेव्हा साराला पीठ मळायला सांगून तो स्वस्थ बसला नाही. भर उन्हात तो म्हातारा स्वतः गुरांकडे धावत गेला, कोवळे वासरू निवडून त्याने चाकराजवळ दिले आणि पाहुणे जेवेपर्यंत स्वतः झाडाखाली उभा राहिला. विश्वासाच्या त्या पित्याला घाम गाळायला कमीपणा वाटला नाही, तर आपल्याला लसूण सोलायला का वाटावा?

या लेखाच्या निमित्ताने गेल्या रविवारी आम्ही पालकगृहात स्वतः लसूण सोलून पाहिला. दोन गड्डे सोलायला पाऊण तास लागला आणि बोटे संध्याकाळपर्यंत चुरचुरत होती. टोप चढला, पण आच मोठी राहिली. आजीचे भाकीत खरे ठरले. मांस वातड झाले. तरी आमचे साहाय्यक धर्मगुरू, आचारी आणि आम्ही तिघे एका टेबलाशी बसून जेवलो. आचारी आमच्याबरोबर बसून जेवण्याची ती पहिलीच वेळ होती. चार वर्षे तो आमच्याकडे आहे! हे लिहिताना आम्हाला लाज वाटते, म्हणूनच लिहितो.

दोन आक्षेपांना थोडक्यात उत्तर देतो. कुकर आहे, गॅस आहे, तीन तास कशाला, असे कोणी विचारील. कुकरशी आमचे वैर नाही. पाऊण-एक तासात त्यातही मांस मऊ होते. वाचलेल्या दोन तासांत घर एकत्र बसणार असेल, तर कुकर धन्य होय. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मांसाहार, त्यातही मोठ्या जनावराचा, पृथ्वीला जड जातो, हे आज सर्वमान्य झालेले आहे आणि पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात आपल्या उपभोगाचा हिशेब मागितला आहे. कोणी विवेकबुद्धीने मांस सोडले असेल, तर त्याच्यापुढे आम्ही आमच्या आजोबांपुढे लवत असू तसे लवू. पण जुन्या रीतीत हा हिशेब होताच, हे विसरू नये. शुक्रवारी मांस नाही, प्रायश्चित्तकाळाचे चाळीस दिवस मांस नाही, आणि मग पास्काला तो टोप. वर्षाकाठी मोजून चार-सहा वेळा. आज आपण उपास सोडला आणि सण रोजचा केला. त्यामुळे रोजच्या ताटात सणाची चव उरली नाही.

उधळ्या पुत्राचा दाखला आपण सर्वांनी शेकडो वेळा ऐकला आहे. पुष्ट वासरू कापले गेले, घरात मेजवानी सुरू झाली, आणि थोरला भाऊ दाराबाहेर उभा राहिला. त्याची तक्रार काय होती ती पुन्हा वाचा. मला कधी एक करडू मिळाले नाही आणि याच्यासाठी पुष्ट वासरू! तो जनावरांचा हिशेब करीत होता. आत त्याचा भाऊ जिवंत परत आलेला आहे, हे त्याच्या हिशेबात कोठेच नव्हते. बाप मात्र भरल्या ताटावरून उठून त्याची समजूत घालायला बाहेर आला. तो पुढे आत गेला की नाही, हे प्रभूने सांगितलेले नाही.

आमची परिषद दीड तास त्या थोरल्या भावासारखी दाराबाहेर उभी होती, असे आम्हाला आता वाटते. बैठक पुढच्या महिन्यात पुन्हा भरेल, आणि तीत आम्ही एक प्रस्ताव मांडणार आहोत. कुटुंबदिनाला केटरर नको. प्रत्येक घराने आपल्या घरी जे शिजते ते आपल्या टोपात आणावे: रोस्ट असेल त्याने रोस्ट, मासळी असेल त्याने मासळी, डाळभात असेल त्याने डाळभात. टोपावर चिठ्ठी लावावी आणि तीवर खरे नाव लिहावे. शाकाहारी पंगत वेगळ्या चुलीची, पण त्याच मांडवात असावी, आणि तिच्यासाठी शेजाऱ्यांना आपण स्वतः जाऊन आमंत्रण द्यावे. टोप निम्मा तरी घरच्या पुरुषाने शिजवलेला असावा. जेवायला सर्वांनी एकदम बसावे, आणि ज्या आजींनी आयुष्यभर शेवटी जेवून घेतले त्यांना पहिल्या पंगतीत बसवावे.

प्रस्ताव संमत होईल की नाही, आम्हाला ठाऊक नाही. पहिल्या बाजूला तो मिळमिळीत वाटेल, दुसऱ्या बाजूला धोक्याचा वाटेल, आणि चिठ्ठीवर 'म्हशीचे मांस' असे लिहायला पहिला हात कोणाचा धजेल, हेही सांगता येत नाही. तो हात आमचाच असावा म्हणून आम्ही त्या वृद्ध भगिनींकडे दर शनिवारी संध्याकाळी धडा घ्यायला जाणार आहोत. त्यांनी मुलाला आणि सुनेलाही बसायला सांगितले आहे. पहिल्या धड्याला मुलगा येईन म्हणाला आहे. सून म्हणाली, तो खरेच आला तर मीही येते.